नऊ वाजताचा काढा

"काय पितीस गं ते काळं काळं?"

पारूबाईनं विचारलं आणि चाळीस बायकांचे हात बेदाण्यात थांबले. आमच्या शेडमध्ये एकीनं प्रश्न विचारला की उत्तरावर सगळ्यांचा हक्क असायचा.

माझ्या हातातल्या बाटलीत गार झालेला कोरा चहा होता, आणि गालात गोळी होती. सकाळचे नऊ वाजले होते. गोळी नऊलाच घ्यायची, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, इकडची दुनिया तिकडे झाली तरी चुकवायची नाही, असं मला बजावलेलं होतं. मी घोट घेतला, गोळी गिळली आणि म्हणाले, "काढा."

"कशाचा?"

आली का पंचाईत! बाटलीचं टोपण लावायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी डोकं चालवलं. "नाव सांगता यायचं नाही. नाव फोडलं की गुण जातो."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हात परत बेदाण्यात गेले. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. कावीळ उतरवणारा असो नाहीतर मूळव्याधीला मुळी देणारा असो, पाला कुठला ते तो सांगत नाही आणि आपण विचारायचं नाही. नाव तोंडातून गेलं की औषधाची झाली माती. ही रीत देवानं खास माझ्यासाठीच करून ठेवली असावी, असं मला त्या दिवशी वाटलं.

मी मालन. नवरा गलाईच्या धंद्यात होता, सोनं आटवायला तिकडं लांब कोइमतूरला. तिथून दुखणं घेऊन आला, मला दिलं आणि स्वतः सुटला. एचआयव्ही हा शब्द मी तपासणीच्या खोलीत पहिल्यांदा ऐकला, आणि सासरच्यांनी दुसऱ्यांदा ऐकवला. चौदाव्या दिवशी त्यांनी माझी भांडी अंगणात आणून मांडली. नीट, एकात एक घालून. मग मी तासगावात आले, बेदाणा निवडायच्या शेडमध्ये लागले आणि शेडची मुकादमीण हौसाक्का, तिच्याच घरामागच्या खोलीत भाड्यानं राहिले.

गोळ्या सरकारी, फुकट. पण जवळच्या गावात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून मी नाव घातलं होतं कराडला. शेडमध्ये सांगायची, कराडला मावशी आजारी आहे. दर महिन्याला एकदा मावशी अगदी टेकीला यायची, आणि दुसऱ्या दिवशी उठून बसायची. "चिवट हाय बया तुझी मावशी," पारूबाई म्हणायची. मला मावशी नव्हतीच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हौसाक्कासाठी. बावन्न-त्रेपन्न वर्षांची बाई, विधवा, दर महिन्याला न चुकता वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणारी, कमरेला किल्ल्या आणि आवाज असा की शेडच्या पलीकडं ट्रॅक्टर चालू असला तरी ऐकू यायचा. एकदा दुसऱ्या शेडमधल्या एका बाईबद्दल कुजबूज उठली, तिला म्हणे तसलं दुखणं आहे. हौसाक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "असलं माणूस माझ्या शेडात दिसलं तर घमेल्यासकट भाईर फेकीन!" मी मान खाली घालून काड्या वेचत राहिले. काम तिच्या हाताखाली, छप्पर तिच्या मालकीचं. तिला कळलं तर दोन्ही एकाच दिवशी जाणार होतं, आणि मला तिसरं गाव ठाऊक नव्हतं.

तर काढा. तासगावला आले तेव्हा माझं वजन चौतीस किलो होतं. गोळ्या लागू पडल्या आणि वर्षात मी पन्नासवर गेले. गाल भरले, केस गळायचे थांबले. बायका काय आंधळ्या नव्हत्या.

"काढ्याचा गुण!" पारूबाईनं निकाल दिला. "मला बी दे. माझा गुडघा मेला रातभर ठणकतोय."

नाही कशी म्हणणार? कोरा चहा द्यायचा तर चहाचा वास लपत नाही. म्हणून घरी जाऊन गवती चहा, आलं आणि ओवा उकळला, वर कडुलिंबाची दोन पानं टाकली. लिंब मुद्दाम. कडू लागलं नाही तर आपल्या माणसाचा औषधावर विश्वास बसत नाही.

पारूबाईचा गुडघा आठ दिवसांत थांबला. का थांबला ते त्या गुडघ्यालाच माहीत. आमच्या शेडमधल्या निर्मलाच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं, तेही माझ्या नावावर जमा झालं. पोरगी तिसऱ्या महिन्यात होती आणि काढा सुरू करून नऊ दिवस झाले होते, पण हिशेब कोण करतंय! महिन्याभरात मी चहाची किटली भरून काढा नेऊ लागले.

मग आलं पथ्य. "पथ्य काय गं ह्याला?" सगळ्या विचारायच्या. काहीच नाही म्हटलं तर तोंडं उतरायची. ज्याला पथ्य नाही ते कसलं औषध? वांगं बंद, आंबट बंद, हे सगळ्या औषधांना असतंच. मला काही तरी वेगळं पाहिजे होतं, आणि गोंगाटानं माझं डोकं उठलं होतं. मी म्हणाले, "काढा घेतल्यावर तासभर बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नऊ ते दहा शेडमध्ये चिटपाखरू बोललं नाही. चाळीस बायका, आणि नुसता बेदाण्याचा सरसर आवाज. मालक ऑफिसातून पळत आला. त्याला वाटलं, कुणी तरी गेलं. मग त्यानं घमेली बघितली. रोजच्या दीडपट माल निवडला होता. त्यानं हौसाक्काची पाठ थोपटली, आणि हौसाक्का तेव्हापासून माझ्या किटलीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघू लागली.

मला खरी धास्ती बसली ती पारूबाईमुळं. एक दिवस बोलता बोलता म्हणाली, "बीपीची गोळी बी हाय मला, पण आता तुझा काढा असताना..." मस्करीची कुस्करी व्हायची वेळ आली होती. मी लगेच उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "हे बघा, आणखी एक पथ्य राहिलं. ज्यांना डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा काढा घ्यायचा नाही. दोन्ही एका पोटात चालत नाहीत!"

माझा विचार असा, की गोळीवाल्या बायका काढा सोडतील आणि वाचतील. मी माझ्या हुशारीवर जाम खूश होते.

त्याच आठवड्यात हौसाक्का माझ्या मागच्या दाराला आली. हातात फुलपात्र, पदराखाली झाकलेलं.

"मला बी देत जा. दोन्ही टायमाला. आन् शेडात बोंबलू नगंस."

"काय होतंय, आक्का?"

"अशक्तपणा."

"गोळ्याबिळ्या काही चालू नाहीत ना?"

"मी कशाला गोळ्या खाते? मला काय धाड भरलीय?"

अशी अंगावर आली की मी मुकाट्यानं फुलपात्र भरून दिलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. घरमालकीण आपला काढा पिते, म्हणजे खोली पक्की.

तीन महिने ती प्यायली. पारूबाईचा गुडघा पळत होता, निर्मलाची सून फुलत होती, आणि हौसाक्का मात्र वाळत चालली. ब्लाउजच्या बाह्या लोंबू लागल्या. आवाज बसला. दुपारी खर्डा-भाकरी खाणारी बाई भाकरी पाण्यात बुडवून खाऊ लागली. मी काय केलं? आलं वाढवलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तो रविवार होता, भर दुपार. शेडला सुट्टी. हौसाक्का आली ती थेट आत येऊन माझ्या पोत्यावर बसली. दारातून इथवर चालायचा तिला दम लागला होता.

"खरा काढा दे मला, मालन."

"खराच देते की, आक्का."

"खोटं! पारूला दिलास खरा. मला पाणी पाजलंस. का पाजलंस? पत्रा गळतोय म्हणून? उद्याच्याला नवा पत्रा घालते. नळाची खोली पायजे? नळाची खोली देते. पण मला मारू नगंस गं."

हे शेवटचं ती ज्या आवाजात म्हणाली, त्यानं माझा जीव अर्धा झाला. मुकादमीण हौसाक्का, आणि हात जोडून बसलेली.

"आक्का, ऐका माझं. त्यात काहीसुद्धा नाही. गवती चहा आहे..."

तिनं दोन्ही कान गच्च दाबले. "नाव फोडू नगंस! गुण जाईल! दत्त दत्त दत्त दत्त!"

"आलं आहे!" मी ओरडले.

"दत्त दत्त दत्त!"

"ओवा! लिंबाचा पाला! संपलं! चुलीत जाऊ दे तो गुण, त्यात गुण कधी नव्हताच!"

"समदं वैदू असंच म्हणत्यात!" ती ओरडली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. तोंड उघडं पडलं, आणि मी आत बघितलं. जिभेवर, टाळूवर पांढरा थर. विरजणाची साय चिकटावी तसा. असलं तोंड मी एकदा आरशात बघितलं होतं. माझंच.

मी पाणी दिलं. ते पिताना तिला गिळवत नव्हतं.

"आक्का," मी हळूच विचारलं, "तुम्ही कसल्या गोळ्या बंद केल्या?"

"कसल्या न्हाईत."

"आक्का."

ती जमिनीकडं बघत म्हणाली, "तूच म्हणालीस. गोळ्या आन् काढा एका पोटात चालत न्हाईत. तसंबी गोळ्यांनी पोटात आग पडायची. मग मी गोळ्या सोडल्या."

मी डोक्याला हात लावला. काढा सोडावा म्हणून पथ्य घातलं, आणि बाईनं काढ्यासाठी गोळ्या सोडल्या! सोडणारच. गोळीचं नाव डब्यावर छापलेलं असतं, माझ्या काढ्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मग जास्त गुण कशात?

"कसल्या गोळ्या होत्या?"

ती काही केल्या बोलेना. पण मला वाटू लागलं होतं. नुसतं वाटत होतं हं, खात्री कसली? साखरेच्या असतील, छातीच्या असतील. मी मनातलं बोलले आणि चुकले, तर संध्याकाळी मी रस्त्यावर आणि सकाळपर्यंत अख्ख्या तासगावात माझं नाव. नाही बोलले, तर ही बाई माझ्या आल्या-ओव्यावर मरणार. मला ती फार आवडत होती असंही नाही. पण माझ्या हातून मरावी अशीही नव्हती.

मी उठले. पिठाच्या डब्यात हात घातला, गोळ्यांची बाटली काढली, पदराला पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"मी ह्याच्यावर जगते, आक्का. सकाळी नऊ, रात्री नऊ. काढा गोळी लपवायला होता. बाकी सगळ्या थापा. मला तेच दुखणं आहे, ज्याला तुम्ही घमेल्यासकट बाहेर फेकणार होता."

हौसाक्कानं बाटली उचलली. हलवून बघितली. लेबल डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडं बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, जणू मी आत्ताच दारातून आले होते.

"दीड वरीस माझ्या घरात ऱ्हाऊन तू मला..." एवढंच म्हणाली. बाटली खाली ठेवली आणि भिंतीला धरत निघून गेली.

झालं. मी भांडी काढली. एकात एक घातली, पातेल्यात तांब्या, तांब्यात वाट्या. निदान ह्या वेळी माझी मीच बांधत होते. रडत होते आणि बांधत होते. अंथरुणाची वळकटी केली, तोवर दार वाजलं.

हौसाक्का उंबऱ्यात उभी. पदराचा ओचा धरलेला. ती आत आली आणि ओचा माझ्यासमोर सोडला. टक टक टक. तीन बाटल्या घरंगळल्या. माझ्या बाटलीसारख्याच. एकीचंही टोपण उघडलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "तुम्ही तर दर महिन्याला वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाता ना?"

"दत्त काय गोळ्या वाटतोय व्हय?" ती खेकसली. "सहा वरसं झाली. त्यो माझा नवरा द्राक्षाच्या गाड्या घिऊन कलकत्त्याला जायचा. तिथनं आणलं."

"मग घेत नव्हता तर ह्या आणल्या कशाला?"

"न्हाई कसं म्हणायचं? सेंटरातली गोळ्या वाटणारी पोरगी येवढ्या मायेनं हातात देतीया."

मी हसले. भांडी बांधलेली, डोळ्यांत पाणी, आणि मला हसू आवरेना. हौसाक्का आधी चिडली आणि मग तीही हसली, आणि हसता हसता परत खोकली.

"आणि शेडमध्ये ते घमेल्यासकट फेकायचं?"

"जी बाई येवढी वरडती तिच्यावर कोण संशय घेईल?" ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. "पर आता तुला कळलं."

त्या बोलण्यानं हसू विरलं. ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी दीड वर्ष तिच्याकडं बघत आले होते. बोलून भरवसा बसण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तिच्या सेंटरला गेले. बसमध्ये ती माझ्यापासून चार बाकं पुढं बसली. डॉक्टरनं तोंड तपासलं, वजन केलं आणि विचारलं, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?"

हौसाक्कानं क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडं बोट केलं. "हिनं."

"तुम्ही वैदू आहात?"

"नाही हो डॉक्टर, मी पेशंट आहे."

"मग दुसऱ्याच्या जिवाशी खेळता कशाला?"

पंधरा मिनिटं तो मला फाडून खात होता आणि हौसाक्का शेजारी बसून मान डोलावत होती. मी एकेक शब्द गिळला. खोटं काय होतं त्यात? शेवटी त्यानं रक्त घ्यायला सांगितलं, तोंडासाठी औषध दिलं आणि म्हणाला, वेळेत आलात. गोळ्या परत सुरू. पोटात आग पडली तर मला येऊन सांगायचं, घरात बसून ठरवायचं नाही. आणि काढा असो की पाला, आधी इथं विचारायचं.

मंगळवारी नऊ वाजता मी शेडमध्ये उभी राहिले. "बायांनो, काढ्याचं नाव सांगते."

"नगं! नगं!" चाळीसच्या चाळीस जणी ओरडल्या.

"गवती चहा, आलं, ओवा आणि लिंबाची दोन पानं!"

"घालवलास गं गुण!" पारूबाई कळवळली. "बघ, लगेच गुडघा ठणकाया लागला."

"गुडघा राहू दे. ती बीपीची गोळी परत सुरू करा आधी!"

"ती कवा बंद केली हुती? दोनी घेत हुते की. असलं पथ्य कोण पाळतंय?"

आख्ख्या शेडमध्ये ते गोळ्यांचं पथ्य पाळलं होतं ते एकट्या हौसाक्कानं. ती पलीकडं उभी होती. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. दिवसभर बघितलं नाही.

संध्याकाळी माझ्या दारात आली. म्हणाली, "खोली मोकळी कर."

"आक्का, मी कुणाला सांगणार नाही. माझ्या मेलेल्या आईची शपथ."

"खोली मोकळी कर म्हणते ना. आजच्या आज."

भांडी मी अजून सोडलेलीच नव्हती. एका हातात पातेलं घेतलं, काखेत वळकटी मारली. बाहेर आले आणि फाटकाकडं वळले.

"तिकडं कुटं चाललीस, भवाने?" आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण येत चालला होता. "माझ्या सैपाकघरात ठेव जा ते. हिकडं भिताडापलीकडं तू, तिकडं मी. रातीचं नऊ वाजता घेतली का न्हाई, कोण इचारणार? मला भरवसा वाटंना माझाच."

मी पातेलं तिच्या ओट्यावर ठेवलं. तिनं ते उचलून फळीवर, तिच्या भांड्यांत मांडलं.

ह्याला आता बारा वर्षं झाली. हौसाक्काची मुकादमी सुटली, गुडघे गेले, वजन मात्र माझ्यापेक्षा जास्त आहे. आमची मिठावरून, मालिकांवरून, पंख्यावरून रोज भांडणं होतात. रात्री नऊला ती बाहेरच्या खोलीतून ओरडते, "मालने, घेतलीस का गं?"

मी घेतलेली असते. तरी नाही म्हणते. मग ती शिव्या देत, भिंतीला धरत, पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यापर्यंत येते.